डिझेलचा काटा

गेल्या काही वर्षांत माझ्या ओळखीतल्या चार जणांनी जुन्या जीपा घेतल्या. घेतल्या म्हणजे कुठल्यातरी खेड्यातल्या गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली सडत पडलेल्या शोधून काढल्या आणि घरच्यांच्या शिव्या खात पुण्या-मुंबईत आणल्या. हौसेला मोल नाही, त्यामुळे त्याबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. पण पहिल्या सहा महिन्यांत या गाड्यांवर काय काय चढतं ते बघण्यासारखं असतं. रुंद टायर, पुढे विंच, वर दिव्यांची माळ, मिलिटरी हिरवा रंग, मागे जेरीकॅन (रिकामा). एवढं सगळं झाल्यावर आत बसून डॅशबोर्डकडे बघावं, तर डिझेलचा काटा मेलेला. चौघांपैकी तिघांचा. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "तो होय, या गाड्यांत तो बंदच असतो. चालतंय."

तर मंडळी, आजचं लिखाण या 'चालतंय'बद्दल आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाया जायला नको. जुन्या जीपमध्ये एक रुपया जरी घालायचा असेल तर तो आधी काट्यात घालावा. रंग, टायर, विंच सगळं नंतर. आणि काटा दुरुस्त करायचाच नसेल, तर निदान त्याची वायर काढून ठेवावी. बंद काटा परवडला, पण खोटं बोलणारा नको.

आमच्या पिढीला काटा नसण्याचं काही वाटत नाही, कारण आम्ही चेतकवर वाढलो. चेतकला कुठला काटा? पेट्रोल संपलं की गाडी गचके द्यायची, मग खाली हात घालून नॉब रिझर्व्हला फिरवायचा. रिझर्व्हही संपलं की स्कूटर एका अंगावर कलती करायची, उरलेलं थेंबभर कार्बोरेटरमध्ये उतरलं तर उतरलं, नाहीतर ढकलायची. पण त्या व्यवस्थेत एक प्रामाणिकपणा होता. स्कूटर कधी म्हणाली नाही की अर्धी टाकी आहे. तिला ठाऊक नव्हतं आणि ती गप्प होती. जीपचं तसं नाही. दुसऱ्या महायुद्धात धावलेल्या जीपच्या डॅशवरसुद्धा पाच घड्याळं होती. वेग, पेट्रोल, ऑइलचं प्रेशर, इंजिनाचं तापमान आणि बॅटरीत करंट येतोय की जातोय ते सांगणारा अँपिअर मीटर. ज्या गाडीत दार, काच, छप्पर यातलं काहीही धड नव्हतं, तिच्यात पेट्रोलचा काटा मात्र होता. गाडी बनवणाऱ्यांना कशाची गरज आहे ते नीट कळत होतं म्हणायचं.

आता आमच्या काकांच्या जीपबद्दल. नात्यातली मंडळी हे वाचतात, त्यांना ती जीप माहीत आहे. त्यातले निम्मे तिच्या मागच्या बाकड्यावर ओकलेले आहेत. इतरांसाठी सांगतो. १९८९ ची डिझेल जीप, गाव भोरच्या पश्चिमेला डोंगरात, जवळचा पंप बावीस किलोमीटरवर. गावात आता मोटरसायकली पुष्कळ आहेत, दोन पिकअप आहेत, पण पावसाळ्यात वरच्या वाडीपर्यंत जाणारी चार चाकं म्हणजे अजूनही काकांची जीपच. बाळंतीण, सापाचा दंश, झाडावरून पडलेला माणूस... सगळे तिच्यातून खाली उतरले आहेत. काकांनी कधी कुणाकडून भाडं घेतलं नाही. डिझेल घालून द्यायचं, एवढाच रिवाज.

त्या जीपचा काटा निदान बारा वर्षं अर्ध्यावर होता. टाकी भरा, काटा अर्ध्यावर. टाकी कोरडी करा, काटा अर्ध्यावर. किल्ली बंद केली की खाली यायचा आणि चालू केली की हळूहळू चढून अगदी आत्मविश्वासाने अर्ध्यावर उभा राहायचा. हीच त्यातली फसवी गोष्ट. चिकटून बसलेला काटा बघताक्षणी कळतो, हा मात्र जिवंत वाटायचा.

काकांना त्याचं सोयरसुतक नव्हतं, कारण त्यांच्याकडे कामटी होती. बांबूची, हातभर लांब, डिझेल पिऊन काळी झालेली. टाकीच्या तोंडातून आत घालायची, बाहेर काढायची, ओल कुठवर आली ते बघायचं. कामटीवर चाकूने खाचा पाडलेल्या होत्या आणि त्या लिटरच्या नव्हत्या. पहिली खाच 'भोर'. दुसरी 'भोर आणि परत'. तिसरी 'पुणे'. वरच्या खाचेला ते 'लग्न' म्हणायचे, म्हणजे दोन दिवस इकडून तिकडे वऱ्हाड वाहायचं असेल तर इतकं. मी लहानपणापासून ही कामटी बघतोय आणि खरं सांगतो, याहून चांगलं मोजमाप मी कुठल्याही गाडीत बघितलेलं नाही. लिटर घेऊन माणसाला काय करायचंय? त्याला पोचता येईल का एवढंच हवं असतं.

कामटीत खोट एकच. ती कशी वाचायची ते काकांच्या डोक्यात होतं.

२०२३ च्या जुलैमध्ये लावणी चालू असताना एका रात्री काकांच्या छातीत कळ आली. घाम फुटला, डावा हात जड झाला. धाकटा चुलतभाऊ लावणीसाठी पुण्याहून आला होता. त्याने आणि काकूंनी मिळून त्यांना जीपमध्ये मागच्या बाकड्यावर आडवं केलं. गावात रात्री रेंजचा पत्ता नसतो. भावाने किल्ली फिरवली, काट्याकडे बघितलं. अर्धी टाकी. निघाला. भोरच्या अलीकडे नऊ किलोमीटरवर इंजिनाने दोन आचके दिले आणि थांबलं.

डिझेल इंजिनाचं एक वाईट असतं. पेट्रोलची गाडी रिकामी पडली तर बाटलीभर पेट्रोल ओता आणि चालू करा. डिझेलमध्ये टाकी कोरडी झाली की नळीत हवा शिरते, आणि हवा शिरल्यावर वरून वीस लिटर ओतलं तरी इंजिन घेत नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचं, फेस जाऊन निव्वळ डिझेल यायला लागलं की स्क्रू आवळायचा. तेवढ्याने भागलं नाही तर इंजेक्टरच्या नळ्यांचे नट सैल करून स्टार्टर मारत एकेक नळी मोकळी करायची. शिवाय तळाशी साठलेला वर्षानुवर्षांचा गाळ शेवटच्या थेंबांबरोबर फिल्टरमध्ये येतो तो वेगळाच. हे सगळं रात्री एक वाजता, पावसात, मोबाईलच्या उजेडात. आणि हवा काढायला हातात डिझेल तर हवं!

मागे आडवे पडलेले काका शुद्धीत होते. त्यांनी विचारलं, "कामटी घातलीवतीस का?" भाऊ म्हणाला, "काटा अर्ध्यावर होता." त्यावर काका काही बोलले नाहीत.

पाऊण तासाने भोरकडे जाणारा दुधाचा टेम्पो आला. जीप तिथेच सोडून काकांना कॅनच्या मधे निजवून भोरला नेलं, तिथून अँब्युलन्सने पुण्याला. अँजिओप्लास्टी झाली, काका वाचले. हृदयाचा थोडा भाग कायमचा दुबळा झाला आहे, वरच्या वाडीला आता ते तीन ठिकाणी बसून जातात. त्या पाऊण तासामुळे किती बिघडलं ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आता मूळ मुद्दा. त्यानंतर वर्षभर आमच्या घरातल्या प्रत्येक कार्यात हा विषय निघाला आणि प्रत्येक वेळी एकच वाक्य ऐकू आलं, "एवढं रात्रीचं निघायचं, टाकी बघायला नको का?" मला हे मान्य नाही आणि म्हणून ते जाहीर लिहितोय. त्याने टाकी बघितली होती. गाडीत टाकी बघायला जे यंत्र बसवलेलं असतं त्याच्याकडे त्याने बघितलं. ते यंत्र खोटं बोलतं हे घरातल्या सहा जणांना ठाऊक होतं आणि सहाही जणांना ते इतकं सवयीचं झालं होतं की सातव्याला सांगायचं कुणाला सुचलं नाही. गाडीतली मोडलेली वस्तू वापरणाऱ्याच्या अंगवळणी पडते आणि मग ती मोडलेली दिसेनाशी होते. दाराला लाथ मारली की उघडतं, तिसऱ्या गिअरला हात धरून ठेवावा लागतो, काटा अर्ध्यावरच असतो. याला आपण कौतुकाने गाडीचा स्वभाव म्हणतो. तो स्वभाव ज्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठी ती नुसती नादुरुस्त गाडी असते. आणि जुनी जीप ही अडल्यावेळी नेमकी अशाच माणसाच्या हातात जाते.

असो. पुढचं दुरुस्तीबद्दल, कारण नुसतं मत देऊन कुणाचा काटा हलत नाही.

ही व्यवस्था मुळात फार साधी आहे. टाकीत एक तरंगता डबा असतो, तो एका दांडीच्या टोकाला. दांडीचं दुसरं टोक एका बारीक तारेच्या गुंडाळीवर घासत सरकतं. त्याला आपल्याकडे पार्टवाले टँक युनिट किंवा नुसतं फ्लोट म्हणतात. डिझेल कमी-जास्त झालं की दांडी वर-खाली होते, वाटेत येणारी तार कमी-जास्त होते, तिचा विरोध बदलतो आणि डॅशवरच्या घड्याळातून जाणारा करंट बदलतो. घड्याळात पुष्कळदा दोन धातूंची एक पट्टी असते, ती तापली की वाकते आणि काटा ढकलते. म्हणून तो सावकाश चढतो. करंट टाकीच्या पत्र्यातून चासीत आणि चासीतून बॅटरीला परत जातो. म्हणजे एक घड्याळ, एक वायर, एक फ्लोट आणि अर्थिंग. यापलीकडे काही नाही.

तरीही काकांच्या जीपमध्ये याआधी दोनदा पैसे गेले होते आणि दोन्ही वेळा बदललं काय, तर डॅशवरचं घड्याळ! काटा चुकतो ना, मग काटा बदला. जे डोळ्यांना दिसतं ते बदलायची ही खोड सगळीकडे आहे. नवं घड्याळही इमानदारीने अर्ध्यावर जाऊन बसलं, कारण बिचारं खालून येईल तेच दाखवत होतं.

खरं तर दोष कुठे आहे ते पाच मिनिटांत कळतं. टाकीवरच्या फ्लोटची वायर काढायची आणि किल्ली चालू करायची. आमच्या जीपमध्ये काटा खाली, रिकाम्यावर गेला. मग तीच वायर क्षणभर चासीच्या मोकळ्या लोखंडाला टेकवायची. काटा पार भरल्याकडे चढला. (क्षणभरच. धरून ठेवली तर आतली पट्टी नको इतकी तापते. काही गाड्यांत हे उलटं असतं, वायर काढली की भरलेलं आणि टेकवली की रिकामं.) काटा दोन्ही टोकांना गेला याचा अर्थ घड्याळ ठीक, वायर ठीक, भानगड टाकीत. आणि डिझेलबरोबर तापमानाचा काटाही एकदमच वेडावाकडा चालत असेल, तर टाकीला हात लावायच्या आधी घड्याळांना मिळणारा करंट तपासावा. ज्या गाड्यांत घड्याळांसाठी वेगळा स्टॅबिलायझर असतो, तिथे बहुतेक वेळा तोच गेलेला असतो.

पेट्रोलच्या जीपवाल्यांनो, एक विनंती. ही वायर टेकवण्याची परीक्षा उघड्या टाकीजवळ करू नका, ठिणगी उडते. फ्लोट काढायच्या आधी बॅटरी सोडा आणि काम मोकळ्या हवेत करा, बंद शेडमध्ये नको. जवळपास कुणी विडी ओढत असेल तर त्याला चहाला पाठवा. पैसे तुम्ही द्या.

फ्लोट बाहेर आला तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. दांडीचा खिळा गंजून तिथेच धरला होता, नेमका मध्यावर. आणि तारेच्या गुंडाळीवर खालच्या अर्ध्या भागात घासून घासून चर पडली होती, वरचा भाग मात्र नव्यासारखा. हे बघून मला हसू आलं. तीस-पस्तीस वर्षांत आमच्या घरी टाकी फुल करायची चैन किती वेळा झाली त्याचा हिशेब त्या तारेवर कोरलेला होता.

पुण्यात पार्टवाल्याने नवा फ्लोट दिला, 'सगळ्यांना चालतो' म्हणून. सगळ्यांना चालणारी वस्तू कुणालाच धड बसत नाही. मल्टीमीटर लावून दोन्हींची दांडी हाताने हलवून बघितली. जुन्याचा आकडा रिकाम्या बाजूला ७० ओहमच्या आसपास आणि भरल्या बाजूला १० च्या आसपास. नव्याचा बरोबर उलटा, भरलं की आकडा वर जाणार आणि तोही १८० पर्यंत. तो बसवला असता तर टाकी रिकामी होताना काटा भरल्याकडे गेला असता! म्हणजे थांबलेल्या खोट्याच्या जागी धावतं खोटं. जुन्या गाडीला नवा फ्लोट घेताना ओहम मोजल्याशिवाय घेऊ नका, एवढं एक जरी या लिखाणातून कुणी उचललं तरी पुष्कळ झालं.

काम शेवटी भोरच्या एका म्हाताऱ्या वायरमनने केलं. सत्तरीचा माणूस, दुकान म्हणजे पत्र्याची टपरी. त्याने खिळा मोकळा केला, तार ब्रशने आणि स्पिरिटने साफ केली आणि मग घासणारी पत्ती पक्कडीने केसभर वाकवली, म्हणजे ती जुन्या चरीतून न जाता शेजारच्या कोऱ्या तारेवरून सरकेल. पितळी डबा गरम पाण्यात बुडवून बघितला. डाग उखडला असेल तर आतली हवा तापून बुडबुडे येतात. एकही आला नाही. मग त्याने मला विचारलं, "टाकी कधी रंगवलीवती का?" रंगवली होती, आणि खाली रबराच्या पट्ट्याही घातल्या होत्या. रंग आणि रबर, म्हणजे अर्थिंगची वाट बंद. ज्या गाड्यांत भरल्या टाकीला विरोध कमी असतो, तिथे अर्थिंग खराब झालं की काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. त्याने फ्लोटच्या एका स्क्रूपासून चासीपर्यंत वेगळी वायर टाकली. सगळे मिळून साडेचारशे रुपये. घड्याळं बदलण्यात याआधी याच्या सहापट गेले होते.

माझ्या मित्रांपैकी एकाचं म्हणणं, हे सगळं काढून टाकून डिजिटल मीटर बसवावा, किती किलोमीटर जाईल तेही सांगतो. बसवा बापडे. पण तो किलोमीटरचा आकडा मागच्या सरासरीवरून काढलेला असतो. सपाट रस्त्यावरची सरासरी घेऊन घाट चढायला लागलं की आकडा भराभर उतरतो. आणि डिजिटल झाला तरी त्याला टाकीतली बातमी देणारा कुणीतरी फ्लोटच असतो ना?

पेट्रोलच्या फार जुन्या गाड्यांबद्दल एक काळजीची गोष्ट. काहींत फ्लोट बुचाचा, म्हणजे कॉर्कचा असतो आणि त्यावर लाखेचा लेप. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. २०२५ पासून आपल्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. लेप गेला की बूच पेट्रोल पितं, जड होतं, बुडतं, आणि भरल्या टाकीवर काटा रिकामं दाखवतो. निदान ही चूक सुरक्षित बाजूची आहे म्हणा. :-)

काटा बसवल्यावर आम्ही त्याची परीक्षा घेतली. मारुतीच्या देवळापुढे जागा सपाट आहे, तिथे जीप लावली. टाकी रिकामी केली आणि कॅनने पाच-पाच लिटर ओतत गेलो. उतारावर हे करून उपयोग नाही, डिझेल एका बाजूला जातं आणि फ्लोट भलतंच सांगतो. घाटातही काट्यावर विश्वास ठेवू नये, सपाटी आली की बघावं. दर पाच लिटरनंतर काका कामटी घालायचे आणि चुलतभाऊ काट्याची जागा कागदावर मांडायचा. टाकीचा आकार वरून खालपर्यंत सारखा नाही, त्यामुळे काट्याचं अर्धं आणि डिझेलचं अर्धं जुळत नाही. काटा पाववर आला की उरतं ते काकांच्या भाषेत 'भोर आणि परत'. त्याच्याही खाली एक रेघ आहे, तिथे फक्त 'भोर'.

तो कागद आता प्लास्टिकमध्ये घालून डॅशवर चिकटवला आहे. अक्षर भावाचं आहे, खाचांची नावं काकांची. कामटी टाकीशेजारीच असते. काका अजून ती घालतात, मग आत बसून काट्याकडे बघतात, आणि दोन्हींचं जुळलं की स्टार्टर मारतात. तापमानाचा काटा अजून बंद आहे, तो दिवाळीला बघायचा ठरलंय.